घरगुती ड्रायरच्या हीटरला तापमान कंट्रोलर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकमाचा हंगाम सरता सरता पाऊस दारात येतो आणि अर्धवट वाळलेली सोलं अंगणातून उचलून आत आणावी लागतात. मग विजेवर चालणारा ड्रायर घरीच करावा असं मनात येतं: बंद कपाट, जाळीचे ट्रे, खाली हीटर, मागे पंखा आणि बाहेर तापमान दाखवणारा कंट्रोलर. बचत गटांच्या ताई, कांदा-कढीपत्ता वाळवून विकणारे आणि हौसेने कपाट बांधणारे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे आकडे २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालणाऱ्या २००० वॅटच्या हीटरचे आहेत. मेण वितळवायचं भांडं किंवा अंडी उबवायची पेटी असेल तरी तत्त्व हेच. मातीकामाच्या भट्टीला मात्र ही उत्तरं जशीच्या तशी लावू नका, तिथलं तापमान हजार अंशांच्या घरात जातं आणि वायरपासून कंट्रोलरपर्यंत बरंच काही बदलतं.

हे काम मी स्वतः करू शकतो का?

काही भाग करू शकता, काही नाही. मीटरपासून सॉकेटपर्यंतची घरातली वायरिंग, नवी लाइन ओढणं, डीबीमध्ये (घराच्या मेन वितरण पेटीत) एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवणं आणि अर्थिंग ही कामं परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही तसंच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जशाला तसा बदलणं एवढीच ग्राहकाला मोकळीक आहे.

कपाट, ट्रे, पंख्याची मांडणी, सेन्सरची जागा, कंट्रोलरची सेटिंग्ज हे तुमचं क्षेत्र. राहिली कंट्रोलरची पेटी. मल्टिमीटर नीट वापरता येत असेल, सर्किटचा कागद स्वतः काढून समजावून सांगता येत असेल, तर ती तुम्ही बांधू शकता. पण प्लग सॉकेटमध्ये घालण्याआधी ती एखाद्या वीजतंत्र्याला उघडून दाखवा. कागद काढताना कुठली तार कशासाठी हे अडखळत असेल, तर ते काम त्याच्याकडूनच करून घ्या.

२००० वॅटचा हीटर किती करंट घेतो? वायर केवढी लागेल?

वॅटला व्होल्टने भागा: २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. १००० वॅटला ४.३, ३००० वॅटला १३. पण हा हिशोब २३० व्होल्टचा आहे. रात्री उशिरा लाइनला २५० व्होल्ट चढला, तर तोच हीटर ९.५ अँपिअर घेतो आणि २३६० वॅटची उष्णता देतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेज थोडं वाढलं तरी फरक बराच पडतो.

२००० वॅटला २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि डीबीत १६ अँपिअरचा एमसीबी घ्या. ३००० वॅटला ४ चौरस मिमी. लाइन स्वतंत्र हवी, म्हणजे त्याच वायरवर फ्रीज आणि मिक्सर नको. ड्रायर आठ-दहा तास सलग चालतो, गीझरसारखा दहा मिनिटांत बंद होत नाही, त्यामुळे वायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. वीजबिलावर छापलेला मंजूर भारही एकदा बघून घ्या. तो १ किलोवॅट असेल, तर आधी भार वाढवून घ्यायला हवा.

सहा अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर चालेल का?

नाही. ८.७ अँपिअरला १६ अँपिअरचाच सॉकेट आणि तोही भिंतीतला. जाड पिनेचा प्लग बारीक सॉकेटमध्ये बसवून देणारे कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतात, पण त्यांच्या मागची वायर आणि आतली पत्ती सहा अँपिअरचीच राहते.

सोळा अँपिअरचा प्लगसुद्धा एकदा हातात घेऊन बघा. प्लास्टिक एका पिनेच्या बुडाशी तपकिरी पडलं असेल, ती पीन काळवंडली असेल आणि बाकीच्या दोन चकचकीत असतील, तर त्या पिनेचा आतला स्क्रू ढिला आहे किंवा सॉकेटमधली पत्ती सैल झाली आहे. करंट सगळीकडे तेवढाच वाहतो, पण जिथे पकड ढिली तिथेच उष्णता साठते. असा प्लग साफ करून पुन्हा वापरू नका. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, कारण जळालेली पत्ती नव्या प्लगलाही जाळते.

कंट्रोलरच्या मागे हीटर थेट जोडला तर?

बहुतेक पीआयडी कंट्रोलरमधला (तापमान बघून हीटर किती वेळ चालवायचा ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमधला) रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, ३ अँपिअरच्या आसपासचा असतो. तो कॉन्टॅक्टरची (कॉइलच्या चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवण्यासाठी आहे, हीटर चालवण्यासाठी नाही. अंड्यांच्या पेटीत वापरतात त्या एसटीसी-१००० सारख्या कंट्रोलरवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण तासन् तास ८.७ अँपिअर त्या छोट्या टर्मिनलमधून नेऊ नका. मी स्वतः त्यावर ५०० वॅटच्या वर थेट काही जोडणार नाही. मधे एसएसआर किंवा कॉन्टॅक्टर हवाच.

एसएसआर घ्यावा की कॉन्टॅक्टर?

दोन्ही घ्या, कामं वाटून द्या. कारण पुढच्या उत्तरात आहे.

एसएसआर म्हणजे सॉलिड स्टेट रिले. कंट्रोलरकडून ३ ते ३२ व्होल्ट डीसीचा इशारा घेतो आणि हीटरची फेज चालू-बंद करतो. आवाज नाही, झिजणारा भाग नाही, दर दोन सेकंदांनी स्विच केला तरी त्याला काही होत नाही. त्यामुळे तापमान एका अंशाच्या आत राहतं. कंट्रोलर घेताना ‘एसएसआर आउटपुट’चाच मागा. रिले आउटपुटच्या मॉडेलमधून डीसी इशारा मिळत नाही, आणि दोन्ही मॉडेलं बाहेरून सारखीच दिसतात.

एसएसआर स्वतः गरम होतो. त्याच्यावर साधारण सव्वा ते दीड व्होल्ट पडतो, म्हणजे ९ अँपिअरला ११ ते १३ वॅट उष्णता त्या काडेपेटीएवढ्या ठोकळ्यात तयार होते. मागे हीट सिंक, मधे थर्मल पेस्ट आणि हवा खेळायला जागा हवी. त्यावर छापलेले अँपिअर थंड हवेत, मोठ्या हीट सिंकवर मोजलेले असतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, मग बंद पेटीत किती होईल याचा विचार करा. ९ अँपिअरला २५ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा एसएसआर घ्या. ‘४० अँपिअर’ छापलेला पण आश्चर्य वाटावं इतका स्वस्त असेल, तर आत तेवढा मोठा ट्रायॅक असण्याची शक्यता फार कमी.

कॉन्टॅक्टर निवडताना एसी-१ या गटातला आकडा बघा, तो हीटरसारख्या भारासाठी असतो. एसी-३चा आकडा मोटारीचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, २३० व्होल्टच्या कॉइलचा घ्या.

कंट्रोलर तापमान सांभाळतोच, मग वेगळा कटआउट कशाला?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. कंट्रोलर माल नीट वाळवण्यासाठी असतो, आग थांबवण्यासाठी नाही. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा बंद पडत नाही, आतून जोडलेलाच राहतो. कंट्रोलर ६० अंशाला ‘बंद कर’ म्हणतो, त्याचा दिवाही विझतो आणि हीटर मात्र पूर्ण ताकदीने चालू राहतो. सेन्सर जागेवरून निसटून कपाटाबाहेर लोंबायला लागला, तरी तेच होतं. कंट्रोलर बाहेरचे ३० अंश बघतो आणि हीटरला आणखी तापवत राहतो.

म्हणून कंट्रोलरवर अजिबात अवलंबून नसलेला दुसरा पहारेकरी लागतो. मांडणी अशी: प्लगमधून आलेली फेज आणि न्यूट्रल पेटीतल्या डीपी (दोन्ही तारा तोडणाऱ्या) एमसीबीत जातात, तिथून कॉन्टॅक्टरच्या दोन पोलांतून पुढे, फेज मग एसएसआरमधून हीटरला, न्यूट्रल थेट हीटरला. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची तार हीटरच्या वरच्या बाजूला बसवलेल्या बायमेटल कटआउटमधून (ठरलेल्या तापमानाला स्वतःहून तुटणाऱ्या स्विचमधून) फिरवून आणायची. भाजी-फळं ५५ ते ६० अंशांवर वाळतात, त्यामुळे साधारण ९० अंशांचा कटआउट पुरतो. तो हाताने रिसेट करायचा घ्या. केएसडी ३०१ या नावाने मिळणाऱ्या बटणासारख्या थर्मोस्टॅटमध्ये आपोआप जोडला जाणारा आणि हाताने दाबून जोडायचा असे दोन्ही प्रकार असतात, दुकानदाराला स्पष्ट सांगा. आपोआप जोडला जाणारा कटआउट बिघाड झाकून टाकतो: रात्रभर तुटत-जुळत राहतो आणि सकाळी तुम्हाला फक्त करपलेला माल दिसतो, कारण कळत नाही.

कटआउटमधून अशा वेळी फक्त कॉइलचा किरकोळ करंट जातो, हीटरचे ९ अँपिअर नाहीत, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. कॉन्टॅक्टरही टिकतो, कारण रोजचं चालू-बंद एसएसआर करतो आणि कॉन्टॅक्टर दिवसातून एक-दोनदाच हलतो.

याच कॉइलच्या वाटेत कंट्रोलरचा अलार्म रिलेही घाला, ७५ अंशांवर उघडेल असा. आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून हीटरच्या फेजमध्ये एकदा वितळला की संपला असा थर्मल फ्यूज ठेवा, कटआउटपेक्षा वरच्या तापमानाचा, १५ अँपिअर २५० व्होल्टचा. कॉन्टॅक्टर चिकटून बसला तर तोच कामाला येतो. फ्यूजला सोल्डरिंग मात्र करू नका, त्या उष्णतेनेच तो उडतो. क्रिम्प करून (धातूची नळी तारेवर घट्ट दाबून) जोडा.

रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली तर?

ड्रायर आपोआप सुरू होता कामा नये. वीज जाते तेव्हा पंखाही थांबतो, हीटरची उरलेली उष्णता तिथेच साठते, कुणी ट्रे काढून ठेवतं, कुणी दार उघडं टाकतं. मग पहाटे कुणी उठलेलं नसताना हीटर पेटतो.

यावर मोटारीच्या स्टार्टरमध्ये असते तीच युक्ती: हिरवं आणि लाल पुश बटण, आणि कॉन्टॅक्टरचाच एक सहायक संपर्क हिरव्या बटणाला समांतर. हिरवं दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःला धरून ठेवतो. वीज गेली की सुटतो, परत आल्यावर माणसाने बटण दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. कटआउट पडला तरी तसंच. शेतीपंपाचा स्टार्टर बसवलेल्या कुठल्याही वीजतंत्र्याला हे सर्किट पाठ असतं.

पंखा बंद पडला तर हीटरचं काय?

फिन असलेला हीटर वाहत्या हवेसाठी बनवलेला असतो. हवा थांबली की त्याची नळी थोड्याच वेळात लालबुंद होऊ शकते, आणि कपाटातला सेन्सर हे उशिरा ओळखतो, कारण गरम हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून कटआउट कपाटाच्या मधोमध नको, हीटरच्या वर, त्याच्या उष्णतेच्या वाटेत हवा. जमलं तर हवेच्या झोताने हलणाऱ्या पात्याचा एअरफ्लो स्विच घ्या आणि तोही कॉइलच्या वाटेत घाला.

पंख्याची वीज मात्र कॉन्टॅक्टरच्या आधीच घ्या, एमसीबीच्या लगेच नंतर. कटआउट पडल्यावर हीटर बंद व्हायला हवा आणि पंखा चालू राहायला हवा. उलट जोडणी झाली तर जिथे थंडावा सर्वांत जास्त लागतो तिथेच पंखा थांबतो. रोज काम संपल्यावरही हीटर बंद करून पंखा दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा.

तारांचे रंग कसे ओळखायचे? निळी तार फेज की न्यूट्रल?

घरातल्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळी किंवा निळी असते, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. उपकरणाच्या लवचीक कॉर्डमध्ये मात्र फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थ हिरवी-पिवळी. म्हणजे निळी तार एका ठिकाणी फेज आणि दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल असू शकते. रंगावर कधीच विसंबू नका, मीटरने बघा.

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं, मोठं अर्थचं भोक वर असलं, की फेज उजवीकडे यायला हवी. जुन्या घरांत ती डावीकडे सापडते. तेव्हा एकट्या फेजवर बसवलेला एसएसआर प्रत्यक्षात न्यूट्रल तोडत असतो आणि बंद हीटरच्या तारेत फेज उभी राहते. दोन्ही पोल तोडणारा कॉन्टॅक्टर घ्यायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण. तसाही बंद एसएसआर काही मिलिअँपिअर करंट गळू देतो, तेव्हा ‘कंट्रोलर बंद दाखवतोय’ म्हणून हीटरच्या टर्मिनलला हात लावू नका. आधी प्लग काढा.

सेन्सर कुठला आणि कसा?

ड्रायरला पीटी-१०० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) उत्तम. शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५. त्याला तीन तारा असतात, त्यांतल्या एकाच रंगाच्या दोन तारा आतून जोडलेल्या असतात; मल्टिमीटरने त्यांच्यात जेमतेम एखादा ओहम दिसतो. कंट्रोलरच्या आकृतीप्रमाणे जोडा.

थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर) वापरत असाल तर उलटसुलट होण्याकडे नीट लक्ष द्या. के प्रकाराच्या अमेरिकी रंगपद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते. आपल्याला लाल म्हणजे धन अशी सवय, त्यामुळे ती उलटी जोडली जाते. मग तापमान वाढलं की कंट्रोलरवरचा आकडा खाली जातो, आणि आकडा खाली गेला म्हणून कंट्रोलर आणखी तापवतो. जोडल्यावर टोक मुठीत धरा, आकडा वर चढला पाहिजे. थर्मोकपलची तार वाढवायला साधी तांब्याची वायरही चालत नाही, त्याच प्रकारची कॉम्पेन्सेटिंग केबल लागते.

सेन्सरचं टोक ट्रेकडे जाणाऱ्या हवेत ठेवा, हीटरला किंवा पत्र्याला टेकवू नका. आणि स्क्रूच्या क्लॅम्पने घट्ट करा. चिकटपट्टी उष्णतेने सुटते.

आमच्या जुन्या घरात अर्थिंगच नाही. आरसीसीबी बसवली तर भागेल?

भागणार नाही. तो पत्र्याच्या कपाटातला हीटर आहे, अर्थ आधी करून घ्या. अर्थ नसेल आणि हीटरची फेज कपाटाला लागली, तर आरसीसीबी पडते खरी, पण कुणाचा तरी हात लागल्यावर. शरीरातून करंट गेल्यावर तिला कळतं. अर्थ असेल तर दोष निर्माण झाल्या क्षणीच पडते, कपाटाजवळ कुणी नसतानाही.

नुसता अर्थ असून आरसीसीबी नसेल तरी पुरत नाही. अर्थच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम धरा, म्हणजे दोषाचा करंट ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. मधल्या वेळात कपाटाच्या अंगावर फेज असते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी ही उणीव भरून काढते. आरसीसीबी जास्त भारापासून वाचवत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकात करणारा आरसीबीओ मिळतो, ड्रायरच्या लाइनला तो सोयीचा.

न्यूट्रलला अर्थची पीन जोडून ‘अर्थ केला’ असं सांगणारे भेटतील. त्यांना काम देऊ नका. बाहेर कुठेही न्यूट्रल तुटली की तुमच्या कपाटावर सरळ २३० व्होल्ट येतील. नळाच्या पाइपला अर्थ जोडणंही तितकंच चुकीचं.

पावसाळ्यात पहिल्यांदा चालू केलं की आरसीसीबी पडते. अर्थची तार काढली की पडत नाही.

अर्थची तार आत्ता, या क्षणी परत जोडा. ती काढल्याने गळती थांबत नाही, फक्त आरसीसीबीला दिसेनाशी होते, आणि पुढचा रस्ता माणसातून जातो.

कारण बहुतेकदा साधं असतं. नळीच्या हीटरमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती हवेतली ओल ओढून घेते. कोकणात चार महिने हीटर पडून राहिला की टोकांच्या बुचातून ओल आत शिरते आणि गळती सुरू होते. हीटर काढा, त्याची टोकं स्वच्छ पुसा आणि ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर काही तास वाळवा. मग वीजतंत्र्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) हीटरची पीन आणि नळी यांच्यातला रोध मोजून घ्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर जोडू नका. साध्या मल्टिमीटरला ही ओल दिसत नाही, तो काही व्होल्टच देतो. वाळवूनही आकडा चढला नाही, तर हीटर बदला.

तारांचे जोड कसे करायचे?

पीळ मारून इन्सुलेशन टेप, हा प्रकार इथे पूर्ण बंद. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक लवचीक तारेला फेरूल किंवा लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प करून लावा. तारेच्या टोकाला कथील लावून स्क्रूखाली दाबायची सवय जुन्या लोकांत दिसते. दाबाखाली कथील हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला होतो आणि जोड तापायला लागतो.

हीटरच्या पिनेपासून पहिला वीतभर भाग साध्या पीव्हीसी वायरचा नको, ती मऊ पडते. फायबरग्लासचं आवरण असलेली उच्च तापमानाची वायर आणि चिनी मातीचा कनेक्टर वापरा. प्रत्येक जोड झाल्यावर तार हलकेच ओढून बघा. आणि पहिले काही दिवस ड्रायर चालल्यावर प्लग काढून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. धातू तापतो-निवतो, तसे ते थोडे सुटतात.

कंट्रोलरची पेटी लाकडाची चालेल?

नाही. अर्थ केलेली पत्र्याची, किंवा पॅनेलसाठीच बनवलेली न जळणारी प्लास्टिकची. ती कपाटाच्या डोक्यावर नको, बाजूला हातभर अंतरावर. वायर आत जाते तिथे ग्लँड (वायर धरून ठेवणारं बूच) बसवा, पत्र्याची धार वायर कापते. कपाट लाकडी असेल तर हीटरभोवतीचा भाग पत्रा आणि सिरॅमिक वूलने झाका.

पंख्याच्या रेग्युलेटरने हीटर कमी-जास्त करता येईल का? इन्व्हर्टरवर चालेल?

दोन्हीला नाही. पंख्याचा रेग्युलेटर शे-सव्वाशे वॅटसाठी असतो, २००० वॅटला तो जळेल. घरगुती इन्व्हर्टरवर हीटर टाकला तर तो ओव्हरलोड होऊन बंद पडेल किंवा बॅटरी बघता बघता उतरेल.

सगळं जोडून झालं. पहिल्यांदा चालू कसं करू?

आधी प्लग हातात ठेवूनच मोजा. हीटरच्या दोन टोकांत साधारण २६ ओहम दिसायला हवेत. हीटरचं टोक आणि कपाट यांच्यात काही दिसता कामा नये. प्लगची अर्थ पीन आणि कपाटाचा रंग खरवडलेला पत्रा यांच्यात अर्ध्या ओहमच्या आत.

मग रिकाम्या कपाटावर, दिवसा, जवळ उभं राहून चालू करा. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, ती पडली पाहिजे. परत चढवून कंट्रोलर ४० अंशांवर ठेवा आणि हीटर थांबतो का बघा. आता सेन्सरची तार कंट्रोलरमधून काढा, पण त्याआधी प्लग ओढा आणि नंतर पुन्हा घाला: कंट्रोलरने चूक दाखवून हीटर बंद ठेवला पाहिजे.

शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. अलार्म तात्पुरता वर न्या, सेटपॉइंट (कंट्रोलरवर ठरवलेलं तापमान) मुद्दाम ११० ठेवा आणि कटआउट पडेपर्यंत थांबा, सगळा वेळ तिथेच. कपाटातलं तापमान शंभरीकडे चाललं तरी कटआउट पडला नाही, तर लाल बटण दाबा आणि त्याची जागा बदला. जिथे बसवलाय तिथे त्याला उष्णता लागत नाहीये. पडला, तर सेटपॉइंट आणि अलार्म परत जागेवर आणा आणि कंट्रोलरमध्ये सेटपॉइंटची वरची मर्यादा ७० करून ठेवा, म्हणजे पुढे कुणी चुकून वाढवला तरी वर जाणार नाही. मग नेहमीचा माल भरून ऑटोट्यून (कंट्रोलर स्वतःच आपली सेटिंग्ज जुळवून घेतो ती सोय) चालवा. रिकाम्या कपाटात केलेलं ट्यूनिंग भरल्या ट्रेला लागू पडत नाही.

सामान कुठे आणि कसं बघून घ्यायचं?

मुंबईत लोहार चाळ, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, इथे एका फेरीत सगळं मिळतं. वायर, एमसीबी, आरसीसीबी, प्लग यांवर आयएसआय खूण आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. दुकानात उभं राहूनच टाका. पैसे कमी पडत असतील तर ट्रे साधे घ्या, कपाट जुनं घ्या, पण आरसीसीबी, एसएसआर आणि कटआउट यांत काटकसर करू नका.

कुणाला शॉक लागलाच तर?

त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा किंवा प्लग ओढा. तेवढं शक्य नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने त्याला तारेपासून दूर करा, स्वतः कोरड्या जागेवर उभं राहून. १०८ला फोन करा. श्वास नीट चालत नसेल आणि हाक मारूनही प्रतिसाद नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्याच. विजेचा झटका हृदयाच्या ठोक्यांवर नंतरही परिणाम करू शकतो.

आग लागली असेल तर पाणी मारू नका. वीज तोडा आणि कार्बन डायऑक्साइड किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक वापरा. ड्रायर असलेल्या खोलीच्या दाराशी, आत नव्हे, ते टांगलेलं असावं.

नंतर काय काय बघत राहायचं?

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण. हंगाम सुरू होण्याआधी मेगर, स्क्रू, प्लगच्या पिना आणि कटआउटची ती मुद्दाम तापवून केलेली चाचणी. हीटरवर साठलेली पिठूळ भुकटी आणि कपाटाच्या तळाशी पडलेली वाळकी पानं दर खेपेला झाडून काढा, पेट घ्यायला तीच आधी मिळतात. आणि कटआउट एकदा जरी पडला, तर रिसेट दाबून काम पुढे रेटू नका. एसएसआर, पंखा आणि सेन्सर या क्रमाने तपासा, कारण सापडल्यावरच हिरवं बटण दाबा.